भवभूतीच्या मुलखात दरबार कशाला?

'जनता दरबार' हा शब्द महाराष्ट्रात आता कोणालाच खटकेनासा झाला आहे. पालकमंत्री तो भरवितात, खासदार-आमदार भरवितात, आणि मंत्रिपदाची नुसती आशा असलेले पुढारीही आपल्या ओसरीवर त्याची रंगीत तालीम करून घेतात. जनतेचा दरबार म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. दरबार राजाचा असतो. जनता त्यात असलीच तर फिर्यादी म्हणून असते, नाहीतर गर्दी म्हणून. १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले, तेव्हा या देशातला शेवटचा दरबार उठला असा पुष्कळांचा समज झाला. दरबार उठला हे खरे. दरबारी मात्र बसूनच राहिले. राजा नसेल तर तो निर्माण करावा लागतो, आणि ती विद्या त्यांना चांगली अवगत आहे.

या दरबारी मनुष्याची खरी ओळख बखरींतून होत नाही, कारण बखरी पुष्कळदा त्यानेच लिहिलेल्या असतात. ती होते नाटकांतून. आणि या बाबतीत गोंदिया जिल्ह्याला एक विशेष अधिकार आहे, जो त्याने आजवर बजावलेला नाही.

आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपल्या प्रस्तावनांत आपल्या कुळाचे मूळ गाव सांगतो : दक्षिणापथात, विदर्भ देशात, पद्मपूर. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. सगळ्या विद्वानांनी ते मानले असे नाही. पण झाडीपट्टीने ते केव्हाच आपलेसे केले, आणि आमगावचे महाविद्यालय भवभूतीच्या नावाने चालते. नाव आपलेसे झाले, नाटके मात्र झाली नाहीत. म्हणूनच 'राजकवी' ही पदवी त्याला सहज चिकटविली जाते आणि ती ऐकून व्यासपीठावर बसलेल्यांनाही बरे वाटते. राजकवी म्हटला की राजा आलाच, आणि त्या खुर्चीवर त्या दिवसापुरते कोण बसले आहे हे सांगण्याची गरज उरत नाही.

वस्तुतः या पदवीला आधार किती आहे? कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'राजतरंगिणी'त कनौजच्या यशोवर्म्याचा उल्लेख येतो. वाक्पतिराज, भवभूती इत्यादी कवी ज्याच्या सेवेत होते तो यशोवर्मा काश्मीरच्या ललितादित्याकडून पराभूत झाला आणि स्वतःच जेत्याच्या गुणांचा स्तुतिपाठक बनला, असे कल्हण सांगतो. राजकवीची पदवी देणारे या श्लोकाचा पूर्वार्धच लक्षात ठेवतात. त्यातली खरी गंमत उत्तरार्धात आहे : भाट पदरी बाळगणाऱ्यावर एक दिवस भाट होण्याची पाळी येते. दरबाराची उतरंड अशीच असते. सर्वांत वरच्या गाडग्यालाही दिल्लीत कोणाच्या तरी खाली बसावेच लागते, आणि जिल्ह्यात मुजरे घेणारा मुंबईत मुजरे घालत असतो.

भवभूती यशोवर्म्याच्या पदरी असेलही. कल्हण त्याच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहितो आहे, तरी तो अगदीच निराधार लिहितो असे म्हणता येत नाही. प्रश्न मीठ कोणाचे खाल्ले हा नसून लिहिले काय हा आहे. त्याच दरबारातल्या वाक्पतिराजाने 'गउडवहो' हे प्राकृत महाकाव्य आपल्या राजाच्या पराक्रमावर रचले. भवभूतीच्या तीन नाटकांत यशोवर्म्याचे नावही नाही. प्रस्तावनेत तो गोत्र सांगतो, आजा-बाप-आईची नावे सांगतो, गुरूचे नाव सांगतो. आश्रयदात्याचा मात्र पत्ता नाही. आणि ही नाटके कोठे झाली? तिन्ही प्रस्तावना सांगतात : कालप्रियनाथाच्या यात्रेत. राजवाड्याच्या रंगशाळेत नव्हे, वसंतोत्सवाला जमलेल्या सरदारांपुढे नव्हे, तर जत्रेत.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी नोंदवली आहे, तिचा अर्थ मात्र पुरेसा उलगडलेला नाही. भवभूतीच्या नाटकांत विदूषक नाही. विदूषक म्हणजे केवळ हसविणारा नव्हे. तो राजाचा मित्र, त्याच्या प्रेमप्रकरणांचा मध्यस्थ, त्याच्या थाळीतल्या मोदकांवर जगणारा ब्राह्मण. संस्कृत नाटकातला तो सर्वांत निरुपद्रवी दरबारी होय. कालिदासाला त्याच्यावाचून राजा रंगवता आला नाही. भवभूतीने त्याला सुट्टी दिली. त्याला विनोद जमत नव्हता, असे काही पंडित यावर म्हणतात. 'मालतीमाधव' वाचल्यावर हे मत टिकत नाही.

'मालतीमाधव' हे दहा अंकी प्रकरण प्रेमकथा म्हणून ओळखले जाते. ते तसे आहेच. पण त्यातला पेच दरबाराचा आहे. पद्मावतीच्या राजाचा भूरिवसू हा अमात्य. त्याने आपली मुलगी मालती विदर्भाचा अमात्य देवरात याच्या मुलाला, माधवाला, देण्याचे विद्यार्थिदशेतच ठरविले आहे. मध्येच राजा आपल्या लाडक्या नंदनासाठी मालतीला मागणी घालतो. नंदन वयस्क आहे, कुरूप आहे. त्याची एकमेव पात्रता म्हणजे राजाची मर्जी. भूरिवसू काय उत्तर देतो? आपल्या कन्येवर महाराजांची सत्ता आहेच, असे. या 'आपल्या'त खोच आहे. राजाला वाटते, मालती मिळाली. अमात्याच्या मनात असते : राजाची सत्ता राजाच्या मुलीवर, माझ्या मुलीवर नव्हे. होकारात नकार लपविणारी ही दुहेरी भाषा आजही मंत्रालयाच्या मजल्यांवर ऐकू येते. भूरिवसू दुष्ट नाही. तो अनुभवी आहे, इतकेच. उघड नकार देणारा अमात्य अमात्य राहत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

मालतीला मात्र ही खोच कोणी समजावून सांगत नाही. तिला एवढेच कळते, की आपल्या पित्याला राजाची मर्जी मोठी, मुलगी मोठी नाही. पुढे स्मशानाजवळच्या देवळात अघोरघंट नावाचा कापालिक तिला चामुंडेपुढे बळी द्यायला नेतो. ज्या मुलीचा एक बळी दरबारात ठरला आहे तिलाच कवीने दुसऱ्या वेदीवर उभे केले, हा योगायोग समजणारे वाचक भोळे म्हटले पाहिजेत. आणि विनोद पाहायचा तर तो पुढेच आहे. नंदनाचे लग्न लागते ते मालतीशी नव्हे, मालतीच्या वेशात बोहल्यावर चढलेल्या मकरंदाशी. राजाच्या लाडक्याला लग्नाच्या रात्री नवरीकडून मार बसतो! शेवटी सर्वांचे शुभ होते ते मात्र राजाच्या संमतीनेच, हेही सांगितले पाहिजे. दरबारावाचून जग कसे चालेल याची कल्पना आठव्या शतकातल्या कवीपाशी नव्हती. ती नसण्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्यांच्यापाशी संविधान आहे त्यांच्यापाशीही ती नसावी, ही तक्रारीची गोष्ट आहे.

दरबारी माणूस आणि त्याची मुलगी, ही जोडी भवभूतीनंतरही नाटककारांना पुन्हा पुन्हा सापडली. तिची सर्वांत भेदक दोन रूपे पाहायची तर एक युरोपात आणि एक पुण्यात पाहावे लागते. व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा १८५१ साली व्हेनिसमध्ये रंगभूमीवर आला. ज्या नाटकावर तो आधारलेला आहे, ते व्हिक्टर ह्यूगोचे नाटक १८३२ साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतर बंद करण्यात आले होते, कारण त्यात फ्रान्सचा एक राजा व्यसनी दाखविला होता. ऑपेराच्या वेळी व्हेनिसवर ऑस्ट्रियाची सत्ता होती. तिथल्या सेन्सॉरनेही राजा खपवून घेतला नाही. त्याचा मांतुआचा ड्यूक करावा लागला. रिगोलेत्तो हा या ड्यूकच्या दरबारातला कुबडा विदूषक. ड्यूकने ज्यांच्या बायका-मुली नासवल्या त्या बापांची आणि नवऱ्यांची टिंगल करणे हा त्याचा धंदा. स्वतःची मुलगी मात्र त्याने घरात लपवून ठेवली आहे. इतर दरबारी एका रात्री तिला पळवितात. दुसऱ्याच कोणाची बायको पळवायची आहे असे सांगून, डोळ्यांवर पट्टी बांधून, ते शिडी धरायला उभे करतात ते रिगोलेत्तोलाच. आपल्याच घराला लावलेली शिडी बाप धरून उभा आहे! मग तो त्याच दरबाऱ्यांपुढे आधी संतापाने आणि नंतर गयावया करीत गातो. ते गाणे जगभर टाळ्या घेते. टाळ्या वाजविणाऱ्यांत शिडी धरणारे किती असतात, याची मोजदाद कोण करणार?

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये डोळ्यांवर पट्टीसुद्धा नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, आणि रंगमंचावर ब्राह्मणांची ती सुप्रसिद्ध माणसांची भिंत. कनौजहून पुण्याला आलेला घाशीराम अपमान सोसतो, सूड उगवायची शपथ घेतो आणि कोतवालीच्या बदल्यात आपली मुलगी गौरी नाना फडणविसांना देतो. (भवभूतीच्या यशोवर्म्याचे कनौज आणि घाशीरामाचे कनौज एकच, एवढी नोंद करून पुढे जावे.) गौरी मरते, नाना नवे लग्न करतो, घाशीराम शहराला छळतो, आणि काम झाल्यावर नाना त्यालाच जमावाच्या हवाली करतो. खऱ्या इतिहासातला कोतवाल १७९१ साली पुणेकरांच्या दगडांनी मेला. गौरीचा व्यवहार ही नाटककाराची रचना. नाटकावर गदारोळ झाला तो नानांची बदनामी झाली म्हणून. १९ प्रयोगांनंतर पहिल्या संस्थेने ते थांबविले, पुढे थिएटर ॲकॅडमीने उचलले. गदारोळ करणाऱ्यांना नाना दिसला आणि घाशीराम दिसला नाही, यातच दरबारी नजरेचा पुरावा आहे. दरबारात सगळ्यांची नजर गादीकडे असते. गादीखाली काय चिरडले जाते ते पाहायला मान वळवावी लागते.

त्याच्या थोडे आधी, १९६०च्या दशकात, वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यानेही कोतवालाच्याच रिकाम्या जागेवरून राजा आणि प्रधानाची खिल्ली उडविली होती. हवालदाराला बढती हवी, प्रधानाला मेहुण्याची सोय लावायची, आणि राजा मैनेच्या मागे. महाराष्ट्र त्यावर पोट धरून हसला आणि तमाशाचा राजा खोटा असतो असे समजून घरी गेला.

आता अर्थशास्त्राकडे वळले पाहिजे, कारण दरबार ही मुळात वाटपाची एक पद्धत आहे. जे हक्काने मिळायचे ते अडवायचे, अडविल्याने ते दुर्मीळ करायचे, आणि मग कृपा म्हणून द्यायचे. काहीही उत्पादन न करता केवळ मोक्याची जागा अडवून जे उत्पन्न मिळते त्याला अर्थशास्त्रात 'खंड' म्हणतात. दरबाऱ्याची जागा देवडीवर असते आणि त्याची कमाई हा देवडीचा खंड होय. म्हणून देवडी रुंद व्हावी असे त्याला कधीही वाटणार नाही. गोंदियात धानाचे चुकारे अडकतात, घरकुलाचा हप्ता थांबतो, निराधार विधवेचे अनुदान कोणत्या तरी टेबलावर पडून राहते. मग दरबार भरतो. देवरी किंवा अर्जुनी-मोरगावकडून दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून माणूस येतो. मंत्री अधिकाऱ्याला सर्वांदेखत उभा करून झापतात. टाळ्या पडतात. काम होतेही. त्या माणसाला जे कायद्याने देणे होते ते त्याला दान म्हणून मिळते आणि तो हात जोडून परततो. ज्या व्यवस्थेने ते अडविले ती व्यवस्था त्या मंत्र्यांच्याच हाताखाली आहे, हा प्रश्न मंडपात निघत नाही.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त याहून थोर माणसाच्या हातून हाच प्रमाद घडतो. लोकांना संतुष्ट ठेवण्यासाठी आपण जानकीचाही त्याग करू, असे राम पहिल्याच अंकात बोलून जातो. थोड्याच वेळाने दुर्मुख लोकापवादाची बातमी आणतो आणि बोलणे खरे होते. निर्णय लोकांच्या नावाने झाला. लोकांना मात्र कोणी विचारले नाही. पुढे वनदेवता वासंती रामाला तोंडावर जाब विचारते, जनक संतापाने पेटतो, आणि कोवळा लव रामाच्या पराक्रमातली वैगुण्ये खोचकपणे मोजून दाखवितो. संस्कृत साहित्यात राजाला इतके ऐकवणारी नाटके फार नाहीत. मग सातवा अंक येतो आणि तो सभागृहात घडत नाही. गंगेच्या काठी वाल्मीकीचे नाटक होते. राम तिथे प्रेक्षक आहे, इतर पौरजनांसारखाच. सीता परतते तेव्हा अरुंधती राजाकडे वळत नाही, ती जमलेल्या नागरिकांना आणि ग्रामीणांना विचारते : तुमचे म्हणणे काय? ज्यांच्या नावाने अन्याय झाला त्यांना प्रथमच मत विचारले जाते, आणि ते नदीकाठी, उघड्यावर, नाटकाच्या मांडवात. राजाला दरबारातून उठवून लोकांत बसविण्याचे हे काम पदमपूरच्या माणसाने केले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दरबार नसते तर कला जगली असती का? सयाजीरावांचा बडोदा आणि शाहू छत्रपतींचे कोल्हापूर वगळले तर मराठी रंगभूमीचा आणि संगीताचा इतिहास किती उरतो? अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरने आश्रय दिला, ही गोष्ट कोणी नाकारू नये. परंतु शाहू महाराज आज ज्या कारणाने स्मरणात आहेत ते पाहावे. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, आणि त्या लेखी हुकमाने राखून ठेवल्या. गुणी माणसाला जवळ बोलावून कृपा करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी नियम केला. कृपा दरबारी माणसाच्या हातून पोचते. नियमाला त्याची गरज लागत नाही. राजाने राजेपण वापरून दरबाराचा पाया उखडल्याचे दुसरे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. आणि आज गावोगावी त्यांच्याच तसबिरीखाली दरबार भरविले जातात!

मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने मान्य केले, तेव्हाही मुद्दा हाच होता. मजुराने मुकादमाच्या मर्जीवर नव्हे, मागणीच्या अर्जावर काम मिळवायचे. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे; ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दंडाची तरतूद त्यात आहे. वनहक्काचा कायदा २००६ चा. त्याच्या आधारे देवरी तालुक्यातील काही ग्रामसभांनी तेंदूपानांची विक्री स्वतः करायला घेतली, आणि कंत्राटदाराला फडी लावण्यासाठी गोंडांच्या गावात येऊन ग्रामसभेशी बोलावे लागले. तिथे कोणी फिर्यादी नव्हता. कार्यकर्त्यांनी विचार करावा तो येथे. लोकांची कामे घेऊन जनता दरबारात रांग लावणारा कार्यकर्ता आणि लोकांना या कायद्यांचे अर्ज भरायला शिकविणारा कार्यकर्ता, दोघेही लोकांचीच कामे करतात. पहिल्याला लवकर नाव मिळते. शिडी धरण्याचे काम दिसते तितके निर्मळ नसते.

राहता राहिली रंगभूमी. झाडीपट्टीला राजाश्रयाची सबब सांगण्याचे कारणच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात धान घरात आले की भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. दंडार आणि खडी गंमत यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली ही रंगभूमी आज वडशाच्या मंडळ्यांच्या जोरावर उभी आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना तिचा शोध लागला. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. शेतमजूर आणि अल्पभूधारक तिकीट काढतात, रात्रभर थंडीत बसतात, आणि कंपनी चालते. कालप्रियनाथाच्या यात्रेला याहून जवळचे काही आजच्या महाराष्ट्रात दाखविता येणार नाही. ही रंगभूमी कोणाच्या मिठावर जगलेली नाही.

तरीही तिच्या जाहिरातपत्रकावर नाटकाच्या नावाहून मोठी यादी कसली असते? उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, आणि ज्यांना यांत कोठेच बसविता आले नाही ते सत्कारमूर्ती. पुढारी येईपर्यंत पडदा उघडत नाही. ते येतात, शालीश्रीफळ होते, भाषणे होतात, एखादा रस्ता मंजूर केला जातो, आणि मग पहिला अंक संपण्याआधीच मोटारी निघून जातात. तिकीट काढलेला माणूस तोवर घोंगडी पांघरून बसलेला असतो. वर्गणी मिळते, रस्ता मिळतो, परवानगीची कटकट वाचते, असे आयोजक म्हणतील. भूरिवसूही असेच काहीसे म्हणाला असता.

येत्या हंगामात आमगाव-सालेकसा भागातल्या एखाद्या मंडळाने 'मालतीमाधव' झाडीबोलीत बसवावे. दहा अंकांचे तीन करावेत, संस्कृत छंदांच्या जागी पदे घालावीत; कंपनीच्या लेखकांना ते अवघड नाही. उद्घाटक ठेवू नये. पहिली रांग तिकिटाने विकावी आणि ज्यांना यायचे असेल त्या मंत्र्यांनीही तिकीट काढून यावे. राजाचा लाडका नंदन मुंडावळ्या बांधून नवरीच्या खोलीत शिरेल आणि घुंगटाखालून मकरंदाची लाथ बसेल, तेव्हा मागच्या तट्ट्यापासून जो हशा पिकेल तो पहिल्या रांगेलाही ऐकू येईलच.